तारीख कालची का पडते? ब्राउझरच्या तऱ्हा आणि माहितीची जपणूक

कवठे महांकाळ, तासगाव, जत, मिरज या पट्ट्यात वेबसाइट आणि मोबाईलवर चालणारी छोटी ॲप्स बनवणारी मुलं-मुली आता ठिकठिकाणी भेटतात. कुणी बेदाण्याच्या अडत दुकानाचा हिशेब बसवतंय, कुणी द्राक्षबागेची फवारणी-नोंदवही, कुणी पतसंस्थेचा फॉर्म. तुमच्याकडून येणारे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. ‘माझ्या लॅपटॉपवर बरोबर चालतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर चुकतं.’ ‘तारीख एक दिवस मागे जाते.’ ‘मराठी नाव शोधलं की सापडत नाही.’ ‘एक्सेलमध्ये उघडलं की गट नंबर बदललेले असतात.’

यातल्या बहुतेक वेळी दोष ब्राउझरवर ढकलला जातो. खरी चूक होते ती माहिती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते त्या उंबऱ्यावर. माणसाला दाखवायचं रूप वेगळं आणि साठवायचं, मोजायचं रूप वेगळं, एवढं धरून चाललात तर खालचे निम्मे प्रश्न उभेच राहणार नाहीत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात जावास्क्रिप्टमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि आकडे मराठीत छापले आहेत. कोडमध्ये दोन्ही इंग्रजीतच लिहायचे.

तारीख एक दिवस मागे जाते तेव्हा

द्राक्षबागेत सगळा हिशेब दिवसांवर चालतो. फळछाटणी झाली की ‘आज कितवा दिवस?’ यावरून डिपिंग, विरळणी, फवारणी ठरते. औषध मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, तो पीएचआयचा काळही दिवसांतच मोजतात. निर्यातीच्या बागेत एक दिवसाची चूक म्हणजे औषधाच्या अंशाचा प्रश्न. म्हणून या विषयावर मी जरा जास्त थांबणार आहे.

नागजच्या बाजूच्या एका बागायतदारांसाठी मी नोंदवही बनवली होती. त्यांची तक्रार विचित्र होती. काही दिवसांच्या नोंदी बरोबर पडायच्या, काही एक दिवस आधीच्या. मी दिवसभर बसून तपासलं, दरवेळी तारीख बरोबरच यायची. शेवटी त्यांच्या वहीवर प्रत्येक नोंदीची वेळ लिहून ठेवायला सांगितली. आठवड्याने वही बघितली आणि उलगडा झाला. चुकलेली प्रत्येक नोंद पहाटे साडेपाचच्या आधीची होती. वारं पडलेलं असताना ते पहाटे ब्लोअर जोडायचे आणि टाकीत औषध कालवून झालं की तिथेच फोनवर नोंद करायचे. मी तपासायला बसायचो सकाळी अकराला.

आजची तारीख काढायला ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ वापरून पहिली दहा अक्षरं कापायची, ही सवय आपल्यापैकी अनेकांना असते. मलाही होती. पण ही पद्धत तारीख जागतिक प्रमाणवेळेत देते आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात ती कालचीच तारीख सांगते. याच चुकीचा दुसरा प्रकार आणखी घातक असतो. तारीख निवडायच्या एखाद्या तयार कॅलेंडरने तुम्हाला १५ ऑक्टोबरची, आपल्याकडची मध्यरात्र दिली आणि तुम्ही ती याच रीतीने कापलीत, तर दिवसाची कोणतीही वेळ असो, १४ ऑक्टोबरच साठवला जातो.

आता काय करायचं ते क्रमाने बघा.

१. ज्या नोंदीला फक्त दिवस लागतो, वेळ लागत नाही (छाटणी, फवारणी, पावतीची तारीख, जन्मतारीख), ती ‘वर्ष-महिना-दिवस’ अशा साध्या मजकुरात साठवा. डेट ऑब्जेक्टमध्ये ठेवूच नका.

२. आजची तारीख हवी असेल तर ‘गेट-फुल-इयर’, ‘गेट-मंथ’ आणि ‘गेट-डेट’ हे तीन वेगवेगळे काढून जोडा. महिना शून्यापासून मोजला जातो, त्यामुळे त्यात एक मिळवायला विसरू नका. ‘पॅड-स्टार्ट’ने एक आकडी महिना-दिवस दोन आकडी करा.

३. दोन तारखांमधले दिवस मोजताना दोन्ही तारखा ‘डेट-यूटीसी’मध्ये वर्ष, महिना, दिवस असे सुटे देऊन बनवा, वजाबाकी करा आणि ८,६४,००,००० ने भागा. एका दिवसात तेवढे मिलिसेकंद असतात.

४. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की पहिला, हे बागायतदाराला विचारून घ्या. दोन्ही रीती चालतात. हा निर्णय तुमचा नाही.

५. जिथे खरी वेळ लागते, म्हणजे बेदाण्याच्या सौद्यातली बोली, पैसे मिळाल्याची नोंद, तिथे वेळ सर्व्हरची घ्या. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं.

‘१५/१०/२०२५’ असा मजकूर थेट ‘न्यू डेट’ला देऊ नका. तिरक्या रेघांची तारीख क्रोम अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी वाचतो. पंधरावा महिना नसल्यामुळे इथे निदान ‘इनव्हॅलिड डेट’ तरी मिळतं, चूक कळते. ‘०५/०३/२०२५’ दिलीत तर पाच मार्चऐवजी गुपचूप तीन मे तयार होतो. मधे रेघा आणि नंतर मोकळी जागा सोडून वेळ लिहिलेला मजकूर क्रोममध्ये चालायचा, पण जुन्या सफारीत ‘इनव्हॅलिड डेट’ यायचा. मजकूर तुमचा असेल तर तुम्हीच तोडा आणि आकडे सुटे द्या.

टाइप ‘डेट’ असलेल्या रकान्यात तारीख कशी दिसेल हे ब्राउझरच्या आणि फोनच्या भाषेवर ठरतं. त्यामुळे एकाला दिवस आधी दिसतो, दुसऱ्याला महिना. ‘फॉर्म चुकलाय’ असा फोन आला तर घाबरू नका. त्या रकान्याची आतली किंमत नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच असते, तीच घ्या.

फोन भारतात आहे का हे टाइमझोनच्या नावावरून ओळखायला गेलात तर आणखी एक खड्डा आहे. फायरफॉक्स ‘एशिया/कोलकाता’ सांगतो, क्रोम अजून ‘एशिया/कॅलकटा’ हे जुनंच नाव देतो. दोन्ही एकच. मजकुराची तुलना केलीत तर निम्मे गिऱ्हाईक परदेशी ठरतील.

तारखांसाठी ‘टेंपोरल’ नावाची नवी, नीट आखलेली सोय आली आहे. फायरफॉक्समध्ये ती १३९ व्या आवृत्तीपासून, मे २०२५ मध्ये दाखल झाली. शिकून ठेवा. पण तुमच्या गिऱ्हाइकांकडे चार-पाच वर्षं जुने फोन आहेत, त्यामुळे एकट्या तिच्यावर आजच विसंबू नका.

आकडे: मराठी, स्वल्पविराम आणि पैसे

मराठी वापरकर्त्यासाठी फॉर्म बनवताना कुणीतरी रकान्यात ‘१८५’ असं मराठीत टाइप करणारच. ‘नंबर’ किंवा ‘पार्स-इंट’ला मराठी आकडे कळत नाहीत, उत्तर ‘नॅन’ येतं. उलट बाजूला ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला मराठी-भारत लोकेल दिलंत, तर ते आपणहून मराठी आकड्यांत आणि लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह छापतं. पावती छान दिसते. मग तीच छापलेली रक्कम कुणीतरी पडद्यावरून उचलून पुन्हा बेरजेत घालतं आणि हिशेब कोसळतो.

स्वल्पविरामाचा सापळा त्याहून वाईट आहे. इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं ‘१,२३,४५६’ ‘पार्स-फ्लोट’ला दिलंत तर उत्तर एक येतं. पहिल्या स्वल्पविरामाशी ते थांबतं आणि चूक झाल्याचा इशाराही देत नाही. सव्वा लाखाची उचल एक रुपया म्हणून जमा झालेली मी पाहिली आहे.

यावर एकच छोटं फंक्शन लिहा आणि प्रत्येक रकान्याची किंमत त्यातूनच पुढे जाऊ द्या:

- मराठी शून्याचा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९६६ आहे. प्रत्येक मराठी आकड्याच्या क्रमांकातून तो वजा केला की इंग्रजी आकडा मिळतो.
- स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह आणि मोकळ्या जागा काढून टाका.
- उरलेला मजकूर पूर्णपणे आकड्यांचा आहे का ते तपासा. नसेल तर वापरकर्त्याला नेमकं कुठे चुकलं ते सांगा. मनाने शून्य धरू नका.

टाइप ‘नंबर’ हा रकाना मी पैशांसाठी आणि वजनासाठी वापरत नाही. त्यात न कळणारा मजकूर पडला की ब्राउझर तुम्हाला रिकामी किंमत देतो, वापरकर्त्याने काय लिहिलं होतं ते समजतच नाही. शिवाय काही ब्राउझरमध्ये रकान्यावर कर्सर असताना माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो, आणि वजनकाट्यावर बसलेल्या दिवाणजींना त्याचा पत्ताही लागत नाही. साधा मजकुराचा रकाना ठेवा आणि ‘इनपुट-मोड’ला ‘डेसिमल’ द्या. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि मजकूर जसाच्या तसा हाती येतो.

पैसे पूर्णांकात ठेवा, म्हणजे रुपयांत नाही तर पैशांत. वजन ग्रॅममध्ये. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि १.००५ ला दोन दशांश स्थळांपर्यंत ‘टू-फिक्स्ड’ केलं तर १.०१ नाही, १.०० मिळतं. बेदाण्याची एक पट्टी घ्या: १,२४५.६ किलो माल, दर किलोला १८५ रुपये ५० पैसे. ग्रॅम १२,४५,६०० आणि पैसे १८,५५० यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की २,३१,०५,८८० पैसे येतात, म्हणजे २,३१,०५८ रुपये ८० पैसे. पूर्णांकात करायचा निर्णय एकदा घेतला की अडत, हमाली, तोलाई वजा करतानाही पैशाचा फरक पडत नाही. भागाकारानंतर पूर्णांक कसा करायचा, ते व्यापाऱ्याला विचारून एकाच ठिकाणी लिहा.

सातबारा, गट नंबर आणि खाते क्रमांक

नंबर म्हटलं की तो आकडाच, असं नसतं. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो मजकूर आहे. गट नंबर, मोबाईल, आधार, बँकेचा खाते क्रमांक, पिनकोड हे सगळं मजकूर म्हणून साठवा.

खाते क्रमांकाचं कारण तांत्रिक आहे. जावास्क्रिप्टमधला आकडा ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा आकडी संख्येपर्यंतच बिनचूक राहतो. त्यापुढे शेवटचे आकडे घसरतात. काही बँकांचे खाते क्रमांक याहून लांब असतात. सर्व्हरने खाते क्रमांक जेसनमध्ये अवतरणचिन्हांशिवाय पाठवला, तर तो ब्राउझरमध्ये उघडतानाच बिघडतो आणि तुमच्या कोडला त्याची खबरही नसते. सर्व्हरवाल्या मित्राला अवतरणचिन्हं घालायला सांगा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हा आपल्याकडचा खास खड्डा. ‘०.४०.५०’ म्हणजे शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. हे ‘पार्स-फ्लोट’ला दिलंत तर ०.४ मिळतं आणि अर्धा आर जमीन गायब होते. ठिपक्यावर तोडा, तिन्ही भाग सुटे घ्या आणि चौरस मीटरमध्ये साठवा: इथे ४,०५०. दाखवताना हवं तर हेक्टर-आर दाखवा, हवं तर एकर-गुंठे.

एक्सेलमध्ये द्यायची सीएसव्ही फाइल हा स्वतंत्र विषय आहे. तीन गोष्टी नेहमी होतात:

- मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम, म्हणजे एफईएफएफ हे न दिसणारं अक्षर घाला.
- ‘१२/३’ हा गट नंबर एक्सेल तारीख समजून १२ मार्च करतो. तसंच सेव्ह केलं की मूळ गट नंबर परत मिळत नाही.
- एक्सेल पंधराच आकडे नेमके ठेवतो, त्यामुळे लांब खाते क्रमांकाच्या शेवटी शून्यं येतात.

पहिल्याला उपाय आहे, उरलेल्या दोन्हींना सीएसव्हीत खात्रीचा उपाय नाही. म्हणून गट नंबर किंवा खाते क्रमांक असलेली यादी मी सीएसव्हीत देतच नाही. एक्सएलएसएक्स फाइल बनवून ते रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे ठेवतो. थोडं जास्त काम पडतं, पण तलाठी कार्यालयाच्या दारात शेतकऱ्याला चुकीच्या गट नंबराने उभं राहावं लागत नाही.

मराठी मजकूर: दिसायला एक, आत दोन

आपल्याच गावाचं नाव घ्या. कवठे महांकाळ, कवठेमहांकाळ, कवठे-महांकाळ, कवठे महंकाळ. फॉर्ममध्ये गावाचं नाव हाताने लिहू दिलंत की महिन्याभरात एकाच तालुक्याचे चार तालुके होतात. गाव, तालुका, जिल्हा यांसाठी यादीतून निवड द्या आणि आत केंद्र सरकारच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतले म्हणजे एलजीडीचे क्रमांक साठवा. नाव फक्त दाखवण्यापुरतं.

माणसांच्या नावांना ही सोय नाही, तिथे अक्षरांचाच विचार करावा लागतो. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच, पण संगणकाला वेगळं. ‘शेतकऱ्याचे’मधला अर्धा ‘ऱ’ तर दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिला जातो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. ‘पाटील’ सापडतात पण ‘ऱ्हस्व’ किंवा ‘गोऱ्हे’ सापडत नाहीत, असं झालं तर इथे बघा.

करायचं एवढंच:

- साठवण्याआधी आणि शोधण्याआधीही प्रत्येक मजकुरावर ‘नॉर्मलाइज’ एनएफसी पद्धतीने चालवा.
- वरच्या दोन जोड्या एनएफसीने एक होत नाहीत. त्या स्वतः बदला: ‘अ’ आणि चंद्राचं ‘ॲ’, आणि र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त.
- मागचा-पुढचा मोकळा भाग ‘ट्रिम’ने काढा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावांत तो हमखास असतो.

लांबी मोजताना ‘लेंग्थ’वर भरवसा ठेवू नका. ‘महांकाळ’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट सात सांगतं, कारण काना आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘मॅक्सलेंग्थ’ही तसंच मोजतं. वीस अक्षरांची मर्यादा घालून तुम्ही मराठी माणसाचं आडनाव अर्ध्यात तोडता. मजकूर कापायचाच असेल तर ‘इंटल-सेगमेंटर’ वापरा. तो काना-मात्रा अक्षराला धरून ठेवतो. फायरफॉक्समध्ये तो १२५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून आहे, क्रोम-सफारीत त्याआधीपासून. एसएमएस पाठवत असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजी संदेशाला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यात मात्राही धरल्या जातात.

यादी लावताना नुसतं ‘सॉर्ट’ वापरलं तर ‘ळ’ ‘ल’च्या शेजारी येऊन बसतो, कारण युनिकोडमध्ये तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर. ‘इंटल-कोलेटर’ला मराठी लोकेल देऊन लावा आणि ळ, क्ष, ज्ञ असलेली पाच-सहा नावं घालून खात्री करून घ्या.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या पद्धतीने, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मिळाला तर तो युनिकोड नसतो. वेबवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. आधी रूपांतर करा आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. जोडाक्षरं हमखास चुकतात.

कीबोर्डवर पहारा नको

‘या रकान्यात फक्त आकडे येऊ द्यायचे’ म्हणून ‘की-डाउन’ घटनेवर कळ तपासायची, ही रीत लॅपटॉपवर चालते. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर मात्र बऱ्याचदा प्रत्येक कळीचा क्रमांक २२९ येतो, मग ती कोणतीही असो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर तर शब्द जुळत असताना मजकूर सतत बदलत असतो. मधेच किंमत बदललीत तर अक्षरं दुप्पट होतात. ‘इनपुट’ घटना ऐका, टाइप होऊ द्या, आणि माणूस रकाना सोडेल तेव्हा तपासा.

फोनमध्ये साठवलेलं टिकतं का?

बांधावर रेंज नसते, म्हणून नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवायची, ही कल्पना योग्यच आहे. पण ‘लोकल-स्टोरेज’ म्हणजे तिजोरी समजू नका.

तिथे फक्त मजकूर राहतो. ‘फॉल्स’ ठेवलंत तर शब्द म्हणून परत येतं आणि अट तपासताना खरं ठरतं. दहा ठेवून पाच मिळवले की एकशेपाच होतात. जेसन करून ठेवलं तरी डेट ऑब्जेक्टचा मजकूर होतो, ‘नॅन’चा ‘नल’ होतो आणि ‘अनडिफाइंड’ नाहीसं होतं. जागाही सुमारे पाच एमबीच. नोंदी आणि फोटो असतील तर ‘इंडेक्स्ड-डीबी’ घ्या.

आयफोनवर आणखी एक नियम आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या आयओएस १३.४ पासून सफारी वापरली जात असताना सात दिवस तुमच्या साइटकडे कुणी फिरकलं नाही, तर साइटने कोडने साठवलेली माहिती पुसली जाते. बागायतदार आठ दिवस लग्नसराईत अडकला की त्याच्या न पाठवलेल्या नोंदी गेल्या. साइट होम स्क्रीनवर जोडली असेल तर हा नियम लागत नाही, म्हणून आयफोनवाल्यांना ते पहिल्याच दिवशी करून द्या. आणि आपल्याकडे आयफोनवरचा क्रोमही आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे ‘क्रोम वापरा’ हा सल्ला तिथे कामाचा नाही.

नोंद पाठवण्याचा क्रम असा ठेवा:

१. नोंद आधी फोनमध्ये लिहा, तिला स्वतःचा वेगळा क्रमांक द्या.

२. पाठवायचा प्रयत्न करा. ‘नेव्हिगेटर-ऑनलाइन’ ‘ट्रू’ सांगतंय म्हणून इंटरनेट चालू आहेच असं नाही. वायफाय जोडलेलं आणि पुढे लाइन बंद, असं रोज होतं.

३. सर्व्हरचं उत्तर आल्यावरच नोंद ‘पोचली’ म्हणा.

४. तीच नोंद दोनदा पोचली तर सर्व्हरने क्रमांक बघून एकदाच धरावी.

५. न पोचलेल्या नोंदी किती आहेत ते पडद्यावर सतत दिसू द्या.

ब्राउझर बंद असताना आपोआप पाठवण्याची ‘बॅकग्राउंड सिंक’ ही सोय सफारी आणि फायरफॉक्समध्ये नाही. पान बंद होताना पाठवू असं म्हणून ‘बिफोर-अनलोड’वर विसंबाल, तर मोबाईलवर ती घटना अनेकदा येतच नाही. ‘व्हिजिबिलिटी-चेंज’ ऐका.

लॅपटॉपवर चालतं, फोनवर नाही

अनेक जण लॅपटॉपवर सर्व्हर चालू करून फोनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता उघडतात. लोकेशन मिळत नाही, सर्व्हिस वर्कर लागत नाही, ‘क्रिप्टो-रँडम-यूयूआयडी’ सापडत नाही. फोन खराब नसतो. या सोयी एचटीटीपीएस असलेल्या पानालाच मिळतात. ‘लोकलहोस्ट’ला सूट आहे, वायफायवरच्या पत्त्याला नाही. फोन यूएसबीने जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून पोर्ट फॉरवर्डिंग लावा, मग फोनवरही ‘लोकलहोस्ट’ उघडतं आणि चुकाही लॅपटॉपवर दिसतात. आयफोनवरची सफारी अशी तपासायला मॅक लागतो.

जुन्या फोनवर पान पूर्ण कोरं दिसत असेल, तर बहुधा नव्या लेखनपद्धतीची एखादी खूण त्या ब्राउझरला कळलेली नसते. तेवढ्याने सबंध फाइल थांबते. जिओफोनमधल्या कायओएस २.५ चा ब्राउझर फायरफॉक्स ४८ च्या काळातल्या इंजिनावर आहे. असे फोन तुमच्या गिऱ्हाइकांत असतील तर ‘बेबल’ने कोड जुन्या रूपात आणा. ब्राउझरचं नाव वाचून फाटे फोडू नका, हवी ती सोय आहे का एवढंच विचारा.

दिसण्याच्या दोन बारीक गोष्टी: आयफोनवर रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर पान आपोआप मोठं होतं. आणि पूर्ण उंचीला १०० व्हीएच दिलं तर मोबाईलच्या पत्तापट्टीमुळे खालचं ‘सेव्ह’ बटण झाकलं जातं, तिथे डीव्हीएच वापरा.

तारखेची चाचणी मात्र मुद्दाम करा. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये ‘सेन्सर्स’मधून टाइमझोन बदलता येतो. एकदा लॉस एंजेलिस ठेवा. मग भारतावर आणून लॅपटॉपचं घड्याळ पहाटे चारवर न्या आणि नोंद करून बघा.

छापलेला मजकूर पुन्हा वाचून त्यातून तारीख-वेळ काढणं हे किती कच्चं आहे, ते २०२३ च्या सुरुवातीला दिसलं. क्रोमच्या ११० व्या आवृत्तीत वेळ आणि ‘पीएम’ यांच्यामधली साधी मोकळी जागा बदलून दुसऱ्या प्रकारची अरुंद मोकळी जागा आली. डोळ्याला फरक नव्हता. तो मजकूर तोडून वेळ काढणाऱ्या साइट अडखळल्या आणि बदल मागे घ्यावा लागला.

माहिती कुणाची, हक्क कुणाचा

शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, गट नंबर, खाते क्रमांक ही माहिती तुमची नाही, तुमच्या गिऱ्हाईक व्यापाऱ्याचीही नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण फॉर्म आज बनवताय तर आजच त्याप्रमाणे बनवा. माहिती देणाऱ्याला हे हक्क आहेत:

- कोणती माहिती कशासाठी घेताय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, म्हणजे मराठीतही मिळण्याचा
- दिलेली संमती मागे घेण्याचा, आणि ते संमती देण्याइतकंच सोपं असण्याचा
- आपली माहिती काय ठेवली आहे ते जाणून घेण्याचा, दुरुस्त करून आणि पुसून घेण्याचा
- तक्रार ऐकून घेतली जाण्याचा

त्यामुळे ‘आय ॲग्री’ची इंग्रजी चौकट पुरेशी नाही. दोन सोप्या मराठी वाक्यांत सांगा. आधार क्रमांक कामाला लागत नसेल तर रकानाच ठेवू नका. नावं पडद्यावर दाखवताना ‘इनर-एचटीएमएल’ऐवजी ‘टेक्स्ट-कंटेंट’ वापरा, म्हणजे कुणी नावाच्या जागी कोड लिहिला तरी तो चालणार नाही. लॉगिनचं टोकन आणि खाते क्रमांक ‘लोकल-स्टोरेज’मध्ये उघडे ठेवू नका.

लॉगआउट किंवा ‘माझी माहिती पुसा’ दाबल्यावर सर्व्हरवरचं पुसून बहुतेक जण थांबतात. फोनमधली प्रत, म्हणजे इंडेक्स्ड-डीबी आणि सर्व्हिस वर्करचा कॅश, तशीच राहते. लॉगआउटच्या वेळी आधी न पोचलेल्या नोंदी पाठवून घ्या, त्या गेल्याची खात्री झाली की मग फोनही मोकळा करा. आपल्याकडे एकच फोन घरातले तिघे वापरतात, आणि गाळ्यावर तर तो दिवाणजी, मालक आणि हमाल अशा सगळ्यांच्या हातात असतो.